डिकीतील दुसरी बॅटरी : नाशिकमधील एका गाडीचा प्रकरण अभ्यास

गाडीतील मोठ्या साउंड सिस्टिमला वीज कमी पडते अशी तक्रार आली, की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला दुसऱ्या बॅटरीचा दिला जातो. या प्रकरणातही गाडीमालक तोच सल्ला ऐकून, वापरलेली एक बॅटरी डिकीत टाकूनच माझ्याकडे आला होता. अखेर त्याच्या गाडीत दुसरी बॅटरी बसली. मात्र ती त्याने आणलेली नव्हती, आणि ज्या कारणांसाठी त्याला ती हवी होती त्यांपैकी फक्त एकाच कारणासाठी ती बसवली. हा फरक कसा पडला, हे मोजमापांसह मांडावे एवढ्यासाठी हे प्रकरण लिहीत आहे.

तक्रार आणि गाडीतील सामग्री

गाडी डिझेल सेदान आहे. मालक अंबड एमआयडीसीत नोकरी करतो, राहायला सिडकोत आहे, आणि घरची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. बॉनेटखाली ६५ अँपिअर-अवरची पाण्याची बॅटरी होती. अल्टरनेटरच्या (इंजिनाने फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) पट्टीवर १४ व्होल्ट, ९० अँपिअर अशी नोंद होती. डिकीत बारा इंची दोन बूफर (खर्जातला आवाज, म्हणजे बेस, देणारे मोठे स्पीकर), त्यांच्यासाठी १४.४ व्होल्टला १००० वॉट देणारा क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) मोनो अॅम्प्लिफायर, आणि दारातल्या स्पीकरसाठी प्रत्येकी ६० वॉटचा चार चॅनलचा क्लास एबी (जास्त वीज खाणाऱ्या प्रकारचा) अॅम्प्लिफायर अशी जोडणी होती. बूफर एक ओहमला जोडलेले होते. पूर्वी कोणीतरी एक फॅरडचा कपॅसिटरही (क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग) बसवून दिला होता.

तक्रारी तीन होत्या. बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होत. संध्याकाळी द्वारका चौकातल्या कोंडीत गाडी उभी राहिली, की काही वेळाने मोनो अॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागून बूफर बंद पडत. तिसरी तक्रार घरच्यांना सर्वांत जास्त त्रास देणारी होती : थंडीच्या दिवसांत द्राक्षघडांना गारठ्यापासून वाचवण्यासाठी पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्यासाठी मालक रात्री बागेवर मुक्कामाला जातो, इंजिन बंद ठेवून दोन-अडीच तास गाणी ऐकतो, आणि सकाळी कामाला निघायच्या वेळी गाडी सेल्फ घेत नाही. “दादा, दुसरी बॅटरी मागे टाकून द्या, म्हणजे तिन्ही भानगडी मिटतील,” असे त्याचे म्हणणे होते.

या तीन तक्रारी एकाच दुखण्याची लक्षणे वाटतात, पण तशा त्या नव्हत्या. पहिल्या दोन तक्रारी इंजिन चालू असतानाच्या, तर तिसरी इंजिन बंद असतानाची होती. इंजिन चालू असताना गाडीचा वीजस्रोत अल्टरनेटर असतो आणि इंजिन बंद असताना बॅटरी असते, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

हिशेब

क्लास डी अॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास धरली, तर १००० वॉट बाहेर देण्यासाठी त्याला १२५० वॉट आत घ्यावे लागतात. चार चॅनलच्या २४० वॉटसाठी क्लास एबीच्या ५५ टक्क्यांनी सुमारे ४३५ वॉट लागतात. दोन्ही मिळून १६८५ वॉट, म्हणजे १३.८ व्होल्टला १२२ अँपिअर. ही झाली कमाल मागणी. संगीत सलग एका सुरात वाजत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे ४० अँपिअर धरता येते. सलग बेस असलेल्या गाण्यांना ती याहून चढते.

आता गाडीची स्वतःची गरज पाहा. रात्रीच्या कोंडीत हेडलाइट, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा आणि इंजिनाची नियंत्रणे मिळून ४० ते ४५ अँपिअर सहज लागतात. अल्टरनेटरवर छापलेले ९० अँपिअर हे इंजिन वेगात फिरत असतानाचे असतात. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन मंद फिरत असताना, त्याच्या निम्म्याच्या आसपासच हाती येतात. याचा अर्थ द्वारका चौकात उभ्या गाडीचा अल्टरनेटर गाडीचीच गरज कशीबशी भागवत होता, आणि गाण्याचे ४० अँपिअर पूर्णपणे बॅटरीतून जात होते. गाडी महामार्गावर लागली की हिशेब जेमतेम जुळत होता.

येथेच दुसऱ्या बॅटरीविषयीचा मोठा गैरसमज आहे. बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. गच्चीवर दुसरी टाकी बसवली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे विसावलेले व्होल्टेज १२.६ ते १२.८ असते आणि चालू अल्टरनेटर १४ च्या वर असतो, त्यामुळे गाडीचे व्होल्टेज १२.८ च्या आसपास घसरेपर्यंत दुसरी बॅटरी मदतीला येतच नाही. उलट ती अर्धी रिकामी असेल, तर अल्टरनेटरवर तिचाच भार पडतो.

कपॅसिटरचाही हिशेब करून मालकाला दाखवला. १४ व्होल्टवरून १३ व्होल्टपर्यंत उतरताना एक फॅरडचा कपॅसिटर साडेतेरा ज्यूल ऊर्जा देतो. हजार वॉटच्या मागणीपुढे ती सेकंदाच्या सत्तराव्या भागात संपते. लांबलेल्या बेसच्या सुराला तिचा काहीच आधार नसतो.

मीटर काय सांगत होते

हिशेबाने वाट दाखवली तरी निर्णय मोजूनच घ्यावा लागतो. इंजिन आयडलवर ठेवून, एसी व दिवे बंद करून, ५० हर्ट्झचा चाचणीचा सूर काही सेकंदांपुरताच पूर्ण आवाजात वाजवला. अधिक वेळ वाजवल्यास बूफरची कॉइल तापते. गाणे बंद असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट होते. सूर सुरू होताच ते १२.४ वर आले, आणि त्याच क्षणी मोनो अॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर फक्त ११.२ व्होल्ट होते. क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) ६७ अँपिअर दाखवत होता. पुढून मागे येईपर्यंत १.२ व्होल्ट वाटेतच नाहीसे होत होते. म्हणजे सुमारे ८० वॉट केबलमध्ये आणि सांध्यांमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जात होते.

हे व्होल्ट कोठे गेले, ते शोधण्यासाठी मीटरचे एक टोक केबलच्या सुरुवातीला आणि दुसरे शेवटाला लावून, प्रवाह चालू असताना फरक वाचायचा असतो. पॉझिटिव्ह केबलवर ०.५८, अर्थच्या (गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतणाऱ्या निगेटिव्ह मार्गाच्या) बाजूला ०.४८ आणि फ्यूज होल्डरवर ०.१४ व्होल्ट मिळाले. या तीन आकड्यांची बेरीज बरोबर १.२ भरते, म्हणून आणखी कोठे शोधण्याची गरज उरली नाही.

पॉझिटिव्ह केबल ‘४ गेज’ या नावाने विकलेली होती. बाहेरून ती बोटाएवढी जाड दिसत होती, पण जाडी प्लॅस्टिकची होती. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडली तेव्हा तांबूस थराखाली पांढरे अॅल्युमिनियम दिसले. खऱ्या ४ गेजला २१ चौरस मिलिमीटर छेद लागतो. येथे तो १६ च्या आसपास भरला. तांब्याचा नुसता मुलामा असलेल्या अशा तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे पाच मीटर लांबीत जेवढा घट मीटरने दाखवला तेवढाच अपेक्षित होता.

अर्थ मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला घेतला होता. बोल्ट काढला, तर वॉशरखाली कारखान्याचा रंग तसाच शाबूत होता आणि प्रवाह केवळ बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जात होता. थिंबलची (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीची) कड करपून काळी पडली होती. सीटबेल्टचा बोल्ट हा माणसाच्या जिवासाठी दिलेला असतो आणि तो ठरावीक जोराने आवळलेला असतो. विजेच्या जोडणीसाठी त्याला हात लावणे कोणत्याही कारणाने योग्य नाही, हे मी येथे मुद्दाम लिहितो, कारण ही पद्धत आपल्याकडे फार रूढ झाली आहे.

अल्टरनेटरचा पट्टा, बॅटरीची टर्मिनल्स आणि इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थ पट्टी तपासली. पट्टा ठीक होता. अर्थ पट्टी हिरवट पडली होती.

आधी दुरुस्ती

बॅटरीला हात न लावता प्रथम वाट सुधारली. ३५ चौरस मिलिमीटर शुद्ध तांब्याची, लवचीक, वेल्डिंगसाठी वापरतात तशी केबल घेतली. तिचा रोध मीटरला अर्ध्या मिलिओहमपेक्षा किंचित कमी येतो. थिंबल हातोडीने न ठोकता हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्राने दाबले आणि त्यावर हीट श्रिंक चढवले. केबल फायरवॉलमधून नेताना रबरी ग्रोमेट घातले, आणि स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नल केबल ज्या बाजूने आहेत त्याच्या विरुद्ध बाजूने ती मागे नेली. अर्थसाठी डिकीच्या पत्र्यावर वेगळी जागा निवडली. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली जाऊन तेथे डिझेलची टाकी किंवा नळी नाही याची खात्री केली, रंग चकाकते लोखंड दिसेपर्यंत घासला, आणि बोल्ट आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावली. पुढच्या बाजूला अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तिन्ही जोडण्या जाड केबलने नव्या केल्या.

तीच चाचणी पुन्हा घेतली. बॅटरीवर १२.३ आणि अॅम्प्लिफायरवर १२.०२ व्होल्ट आले, घट १.२ वरून ०.२८ वर उतरला. अशा अॅम्प्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलते, त्यामुळे ११.२ व्होल्टला जे सुमारे ६०० वॉट मिळत होते ते आता ६९५ च्या घरात गेले. कोणताही नवा वीजस्रोत न जोडता झालेली ही वाढ आहे.

यानंतर गेन, म्हणजे येणारा सूर किती पट वाढवायचा त्याची मात्रा, नीट लावला. एक ओहमला १००० वॉट म्हणजे ३१.६ व्होल्ट, पण उभ्या गाडीत तेवढी वीज उपलब्धच नसते, आणि तरीही तेवढी मागितली की सूर छाटला जातो, आवाज फाटतो आणि बूफर तापतात. म्हणून अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर २५ व्होल्ट येतील एवढाच गेन ठेवला. हे ६२५ वॉट होतात. हजारच्या तुलनेत आवाजात फरक केवळ दोन डेसिबलचा पडतो, जो गाडीत बसलेल्या माणसाला जेमतेम जाणवतो. मालकाने ऐकून पाहिले आणि बेस आधीपेक्षा घट्ट वाटतो असे सांगितले. हेडलाइट मंद होणे जवळजवळ थांबले, आणि कोंडीत लाल दिवा लागण्याची तक्रार पुढे आली नाही.

मग दुसरी बॅटरी कशासाठी

तिसरी तक्रार मात्र केबल बदलून सुटणारी नव्हती. इंजिन बंद असताना मध्यम आवाजात दोन्ही अॅम्प्लिफायर मिळून सरासरी १२ अँपिअर घेत होते. अडीच तासांत ३० अँपिअर-अवर जातात. गाडीची साधी बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देऊन सेल्फ फिरवण्यासाठी बनलेली असते, निम्म्यापर्यंत उतरण्यासाठी नव्हे. वारंवार तसे झाले की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचते आणि तिची साठवणशक्ती कायमची घटते. त्यात दिंडोरी-निफाड पट्ट्यातील पहाटेचा गारठा. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते, डिझेल इंजिन फिरवायला मात्र जास्त जोर लागतो, आणि थंड इंजिन सुरू होण्यासाठी ते तापवणारे ग्लो प्लगही त्याच वेळी प्रवाह खेचतात. येथे दुसरी बॅटरी खरोखर उपयोगी होती, कारण येथे साठ्याचीच गरज होती. फक्त तो साठा सेल्फच्या बॅटरीपासून वेगळा राहायला हवा होता.

मालकाने आणलेली बॅटरी पाण्याची, वापरलेली आणि वेगळ्या क्षमतेची होती. ती डिकीत बसवण्यास मी स्पष्ट नकार दिला. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. सेदानची डिकी मागच्या सीटमागून प्रवाशांच्या भागाशी जोडलेलीच असते. आम्ल सांडण्याचा धोका निराळाच. त्याऐवजी ६५ अँपिअर-अवरची नवी, सीलबंद एजीएम बॅटरी (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले असते) निवडली आणि तिची हवा जाण्याची नळी पत्र्यातून बाहेर काढली. वीस किलोच्या आसपासचे हे वजन नुसत्या पट्ट्याने बांधून चालत नाही; अचानक ब्रेक लागला तर ते सीटवर आदळू शकते. लोखंडी कोनाचा ट्रे पत्र्याला बोल्टने बसवून, वरून पट्टी घेऊन ती आवळली. कपॅसिटर काढून टाकला.

दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवण्याच्या तीन रीती विचारात घेतल्या. डायोडच्या आयसोलेटरमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट जातात, त्यामुळे मागची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. किल्लीवर चालणारा साधा रिले (विजेने चालणारा स्विच) स्वस्त असतो, पण किल्ली फिरवताच तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो; मग सेल्फ मारताना मागच्या बॅटरीतूनही मोठा प्रवाह पुढे धावतो आणि फ्यूज उडू शकतो. म्हणून व्होल्टेज ओळखून चालणारा १४० अँपिअरचा रिले घेतला. पुढच्या बॅटरीवर १३.३ व्होल्ट झाले, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करू लागला, की तो जोडतो, १२.८ ला थोड्या विलंबाने सोडतो. नव्या माइल्ड हायब्रिड (इंजिनाला लहान विद्युत मोटरची मदत असलेल्या) गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम वरखाली केले जाते, तेथे हा रिले नीट चालत नाही. ही गाडी जुन्या पद्धतीची असल्याने तो प्रश्न नव्हता.

फ्यूजविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. आधी केबलला एकच फ्यूज होता, पुढच्या बॅटरीजवळ, आणि तोवर तेवढा पुरेसा होता. मागे दुसरी बॅटरी आली की तीच केबल दोन्ही टोकांनी जिवंत होते. सीटखाली कोठे ती घासून बॉडीला टेकली, तर पुढचा फ्यूज उडेल. पण मागची बॅटरी आपला पूर्ण प्रवाह त्या जागी ओतत राहील आणि गालिच्याखाली आग लागेल. त्यामुळे दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हपासून ४५ सेंटिमीटरच्या आत प्रत्येकी १२५ अँपिअरचा फ्यूज लावला. फ्यूज अॅम्प्लिफायरच्या नव्हे, तर केबलच्या रक्षणासाठी असतो, आणि तो केबलच्या क्षमतेवरून ठरतो. मागच्या बॅटरीकडून दोन्ही अॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या छोट्या केबलना त्यांच्या जाडीप्रमाणे वेगळे फ्यूज दिले.

आणखी एक छोटी सोय केली. मागची बॅटरी पार उतरू नये म्हणून ११.८ व्होल्टला तोडणारे मॉड्यूल बसवले. पण जाड केबल तोडण्याऐवजी ते स्टिरिओकडून अॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या निळ्या रिमोट वायरवर घातले. त्या वायरमधून नगण्य प्रवाह जातो, त्यामुळे लहानसे मॉड्यूल पुरते. स्टिरिओ पुढच्या बॅटरीवरच ठेवला, कारण त्याची गरज एक-दोन अँपिअरची आहे.

चाचणी आणि वापर

गाडी ताब्यात देण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून अडीच तास मध्यम आवाजात गाणी वाजवली. मागची बॅटरी १२.१ व्होल्टवर आली, पुढची १२.५ वर राहिली आणि गाडीने पहिल्याच प्रयत्नात सेल्फ घेतला. इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत रिले जोडला गेला. त्या वेळी दोन बॅटऱ्यांमधील केबलवर क्लॅम्प मीटरने ५८ अँपिअर दाखवले आणि दहा मिनिटांत ते ३० वर उतरले. केबल, थिंबल व रिले हात लावून पाहिले; कोमट होते, गरम नव्हते.

या शेवटच्या आकड्यात या व्यवस्थेची मर्यादाही आहे, आणि ती मालकाला कागदावर लिहून दिली. दिंडोरी ते नाशिक सुमारे २५ किलोमीटरचे अंतर पाऊण तासाचे आहे. चार्जिंगचा प्रवाह हळूहळू उतरत जातो, त्यामुळे एवढ्या वेळात १५ ते १८ अँपिअर-अवर परत भरतात. रात्री खर्च झालेले ३० नाही. सलग काही रात्री असेच चालले, तर मागची बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेतच राहील आणि लवकर खराब होईल. अल्टरनेटर बदलून १३० अँपिअरचा बसवल्यानेही हे साधत नाही, कारण बॅटरी विशिष्ट वेगापेक्षा जास्त घेत नाही. म्हणून सिडकोतल्या घरी पार्किंगमधील सॉकेटवर एजीएमसाठी योग्य असा टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा चार्जर लावण्याची सोय केली. बागेवरून परतल्यावर आठवड्यातून एक रात्र तो लावायचा असतो.

थंडीचा हंगाम संपल्यावर गाडी तपासणीसाठी आली. दरम्यान तिला एकदाही धक्का मारावा लागला नव्हता. रात्रभर उभ्या गाडीत पुढच्या बॅटरीवर १२.६ आणि मागच्या बॅटरीवर १२.८ व्होल्ट होते. डिकीतला अर्थचा बोल्ट पुन्हा तपासला, घट किंचितही वाढलेला नव्हता. मालकाने त्या वेळी बूफरसाठी आणखी मोठा अॅम्प्लिफायर घेण्याविषयी विचारले. त्याला सांगितले, की तसे केल्यास पहिला खर्च अल्टरनेटरचा करावा लागेल, तिसऱ्या बॅटरीचा नव्हे. आणि निवासी भागात ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार दिवसा ५५ व रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती आत्ताच्या बूफरनेही सहज ओलांडली जाते. त्याने तो विचार सोडला, आणि आणलेली जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या दुकानात बदलीत जमा केली.